स्वच्छ अक्षरातली मापं

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नाही. हे मी म्हणत नाही, ते म्हणतात. आणि ज्या अर्थी लग्न झाल्यापासून बावीस वर्षं ते न चुकता म्हणत आले आहेत, त्या अर्थी त्यात काहीतरी तथ्य असणार.

त्यांचं काम तसंच आहे म्हणा. डॉक्टर पेशंटला तपासतात आणि काय आढळलं ते यंत्रात बोलून ठेवतात. भावोजी कानाला हेडफोन लावून ते ऐकतात आणि टाइप करतात. नाव, वय, तक्रार, किती दिवसांपासून, पूर्वीचे उपचार. पायाखाली एक पेडल असतं; दाबलं की डॉक्टर बोलायला लागतात, उचललं की गप्प बसतात. मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गासाठी असं एखादं पेडल मिळालं असतं तर माझाही स्वभाव गोड झाला असता.

या नोकरीतला एक नियम त्यांच्या अंगात मुरलेला आहे. आधी घाईघाईत कच्ची प्रत काढायची, मग तिच्यावरून पक्की. कच्चं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही. घरातली किराणामालाची यादीसुद्धा ते पक्की करून घेतात आणि ताईच्या हातची कच्ची यादी फाडून टाकतात. दुकानदाराला दोन्ही सारख्याच, पण ते असो.

ताईच्या पायाखालीही पेडलच असतं. पण ते शिलाई मशीनचं, आणि मशीन घरात, म्हणून त्याला कोणी नोकरी म्हणत नाही. ताई वकिलांचे काळे गाऊन शिवते. शहरातल्या कोर्टात जेवढे वकील रुबाबात बाह्या उडवत फिरतात, त्यातल्या निम्म्यांच्या खांद्यावरच्या चुण्या माझ्या बहिणीने घातलेल्या आहेत. ज्या स्टुलावर बसून घातल्या त्याला पाठ नाही. ते आमच्या आईकडून तिच्याबरोबर आलेलं. लग्नात बाकी काय आलं ते आता कोणाच्या लक्षातही नाही, स्टूल तेवढं राहिलं. खिडकीशी मशीन, मशीनशी स्टूल, स्टुलावर ताई, अशी ती खोली मी कायम पाहत आले आहे.

काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने टीप मारायची तर उजेड लागतो, आणि तो दिवसाचाच लागतो. दिव्याखाली काळं कापड चकाकतं आणि टीप कुठे गेली ते दिसत नाही. दिसतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि मग उसवत बसावं लागतं. म्हणून खिडकी तिची होती. हे कोणी ठरवलं नव्हतं, नळ स्वयंपाकघरात असतो तशी खिडकी ताईची होती.

मग भावोजींच्या कंपनीने ऑफिसचा मजला रिकामा करायचं ठरवलं आणि लोकांना सांगितलं की ज्यांच्या घरी बसण्याची नीट सोय असेल त्यांनी कायमचं घरून काम करावं. भावोजींना रोज दोन बस बदलून जावं लागायचं, त्यामुळे त्यांना हे पत्र म्हणजे पर्वणीच वाटली. पत्राबरोबर चार पानी फॉर्म होता. खुर्चीची उंची किती, टेबलाची किती, गुडघे कसे, कोपर कुठे, उजेड कोणत्या बाजूने. सगळं मांडून झालं की कंपनीची एक बाई व्हिडिओवरून तपासणी करणार. ती म्हणे लोकांच्या पाठी आणि माना पाहण्यातच तरबेज होती. तपासणीपर्यंत घरून काम चालणार होतं; तिने मंजूर केलं तर घर, नाही तर पुन्हा दोन बस.

फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता: या घरातून काम करणाऱ्या व्यक्ती किती. भावोजींनी लिहिलं, एक. हे लिहिताना मशीन चालू होतं. त्यांनी मान वर करून ताईला सांगितलंही की जरा थांब, मला फॉर्म भरायचा आहे.

उजेड डाव्या बाजूने यावा असं फॉर्ममध्ये होतं, आणि डाव्या बाजूने उजेड त्या घरात एकाच जागी येत होता. ताईचं मशीन बोळकंडीत गेलं. बोळकंडी म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधली चार पावलांची वाट. तिथे एक पिवळा दिवा आहे आणि तो न्हाणीघराचं दार सापडावं म्हणून लावलेला आहे. ताई हूं की चूं न करता गेली. मी विचारलं तर म्हणाली, त्यांची नोकरी आहे, मी काय, कुठेही बसेन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या घरात मला रागवायचा हक्क फक्त चहापुरता आहे. साखर कमी पडली तर मी बोलू शकते.

आणि नेमके त्याच महिन्यात बेचाळीस गाऊन आले होते. नव्या वकिलांच्या शपथेचा दिवस ठरलेला, कार्यक्रमाची पत्रिका छापलेली; बेचाळीस पोरंपोरी त्या दिवशी अंगात गाऊन नसेल तर उभी कशी राहणार? ताई बोळकंडीत शिवायची आणि सकाळी खिडकीशी जाऊन, भावोजी उठायच्या आत, उसवायची. पंधरा दिवसांत नऊ झाले. एका शनिवारी मी दोरे कापायला गेले तेव्हा ती डोळे चोळत म्हणाली, "हे बेचाळीस झाले की मशीनवर कापड टाकते. कायमचं. आता दिसत नाही गं मला."

तिला व्यवस्थित दिसत होतं. दिसत नव्हतं ते त्या दिव्याला. पण हे मी कोणाला सांगणार? ताई मशीन बंद करणार, ही कल्पनाच मला सहन होईना. आमची आई गेली तेव्हा सुतक संपल्यावर तिने पहिलं काय केलं असेल तर मशीनला तेल घातलं.

इकडे खुर्ची आणि टेबल. बाजारातल्या खुर्च्या सामान्य उंचीच्या माणसासाठी असतात असं भावोजींनी कुठेतरी वाचलं, आणि ते सामान्य नाहीत हे त्यांना आधीपासून माहीत होतं. ते चांगले उंच आहेत. तेव्हा सुताराकडून अंगाच्या मापाने करून घ्यायचं ठरलं. माप कोण घेणार? घरात मापं घेणारं माणूस फुकट उपलब्ध होतं. ताईने गळ्यातली टेप काढली, त्यांना बसवलं, गुडघ्याच्या वळणापासून जमिनीपर्यंत, कोपरापासून जमिनीपर्यंत, पाठीचा बाक, मांडीची लांबी, सगळं मोजलं आणि आपल्या मापाच्या वहीत लिहिलं. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय आपटावेत तसं. ते तिला आणि देवाला वाचता येतं. भावोजी समाधानाने फिरायला निघून गेले.

मी तिथेच होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी टेप उचलली आणि म्हटलं, "ताई, बस. तुझीही घेते."

ती हसली. म्हणाली, माझी कशाला? पण बसली. मी मोजत गेले आणि पुढच्या कोऱ्या पानावर लिहीत गेले, फळ्यावर लिहिते तसं, ठसठशीत, शिरोरेघ सरळ. गुडघ्यामागून जमीन पावणेपंधरा इंच. कोपरापासून जमीन साडेतेवीस. वर नाव घालायला लागले तर तिने हात धरला.

"नाव कशाला घालतेस? मला कोण काय करून देणार आहे?"

त्या वहीत शहरभरच्या वकिलांची नावं आहेत. लांब हाताचे, एक खांदा उतरलेले, पोट सुटलेले, सगळे. तिचं पान तेवढं बिननावाचं राहिलं, आणि मी चहा पिऊन घरी गेले.

पुढचं मला नंतर कळलं, आणि ते कळल्यावर मी भावोजींना अर्धं माफ केलं, कारण इतकी त्यांच्याच मातीची चूक दुसऱ्या कोणाकडून होणं शक्य नव्हतं. संध्याकाळी सुताराचा फोन आला. भावोजींनी वही उघडली. एका पानावर ताईचं कोंबडीचं अक्षर, शेजारच्या पानावर तीच सगळी कलमं, सुवाच्य, ओळीत, माझ्या हाताची. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. डावीकडची कच्ची प्रत, उजवीकडची पक्की. मेहुणीने न सांगता पक्की प्रत काढून ठेवली याचं त्यांना कौतुकही वाटलं. त्यांनी पक्की वाचून दाखवली. सुतार म्हणाला, साहेब, माप पुन्हा एकदा बघता का, जरा बुटकं वाटतंय. भावोजी म्हणाले, माझ्यासमोर लिखित आहे, आहे तसं करा.

सामान आलं तेव्हा ताई दोरे आणायला बाहेर गेली होती. भावोजी खुर्चीत बसले आणि त्यांचे गुडघे त्यांना भेटायला वर आले. टेबल मांडीला घासत होतं. त्यांनी सुताराला फोन केला, सुताराने आकडे वाचले, आकडे वहीशी जुळले. तेव्हा सुतार निर्दोष. स्वतः तर ते निर्दोष होतेच. राहिली कोण? मापं घेणारी. बावीस वर्षं मापं घेणाऱ्या बाईने नवऱ्याचं माप चार इंचांनी चुकवलं, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि मोठ्या मनाने ठरवलं की याबद्दल तिला काही म्हणजे काही बोलायचं नाही.

बोलले नाहीत खरे. टेबलाच्या चार पायांखाली त्यांनी चार जाडजूड वैद्यकीय शब्दकोश घातले. चारींची जाडी वेगवेगळी, तेव्हा टेबल डुलायला लागलं; मग त्यात पुठ्ठे सरकवले. वरून जमिनीपर्यंत लोळणारा टेबलक्लॉथ टाकला. खुर्ची उंच करायला उशा हव्या होत्या, त्या त्यांनी ताईला शिवायला सांगितल्या. बैठक मऊ हवी, फॉर्ममध्ये आहे, म्हणाले. बेचाळीस गाऊन बाजूला ठेवून माझ्या बहिणीने बोळकंडीत बसून तीन उशा शिवल्या. मग तीन उशांवर बसून, डुलणाऱ्या टेबलावर, पाठीचं धनुष्य करून भावोजी आठवडाभर आरामात काम करत राहिले. आराम कसा आहे विचारलं तर म्हणायचे, सवय व्हावी लागते.

तपासणी शनिवारी सकाळी होती. मी बोळकंडीत जमिनीवर बसून गाऊनचे दोरे कापत होते, ताई टीप मारत होती. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. तपासणीवाल्या बाईचा आवाज शांत आणि पेंगुळलेला होता. दिवसभर लोकांची कंबर बघून कोणाचाही होईल. तिने भावोजींना कॅमेऱ्याकडे बाजू करून बसायला सांगितलं. मग टेबलक्लॉथ वर करायला सांगितला.

"खाली पुस्तकं आहेत का?"

भावोजी म्हणाले, संदर्भासाठी हाताशी ठेवली आहेत.

तिने उशा मोजल्या. मग विचारलं की अंगाच्या मापाने फर्निचर करून घेतलं असं फॉर्मवर आहे, ते माप कोणी घेतलं. आणि इथे भावोजींचं मोठं मन संपलं. माणूस कात्रीत सापडला की मन लहान होतं, त्यांचंच असं नाही. ते म्हणाले, "मापं माझ्या मिसेसने घेतली, तिचंच चुकलं असणार. ती काही त्यातली जाणकार नाही. घरात विरंगुळा म्हणून शिवते आपलं."

मशीन थांबलं.

मला वाटलं, आता रडणार. मी कात्री खाली ठेवली आणि भावोजींना ऐकवायची वीसेक वाक्यं मनात ओळीने लावून ठेवली. पण ताई उठली, पदराला लागलेले दोरे झटकले आणि खोलीत गेली. विरंगुळा हा शब्द ती गिळून गेली असती, त्याहून मोठे गिळलेत तिने. पण माप चुकलं, हे नाही. तिने टेबलावरची वही उचलली, डावीकडचं पान उघडलं आणि कॅमेऱ्याकडे न बघता वाचलं.

"गुडघ्यामागून जमीन अठरा. कोपरापासून साडेसत्तावीस. हे यांचं माप. टेप आणते, आत्ता मोजून बघा. माझं माप चुकत नाही."

भावोजींनी बोट शेजारच्या पानावर ठेवलं. हे काय मग, म्हणाले, ही पक्की प्रत. ताईने वाचलं. पावणेपंधरा. साडेतेवीस. ती ज्या माणसांसाठी शिवते त्यांना आकड्यांवरून ओळखते. रस्त्यात चेहरा विसरेल, छाती-खांदा विसरणार नाही. हे आकडे ओळखायला मात्र तिला वेळ लागला. मग ती म्हणाली, "ही माझी मापं आहेत."

घरातल्या दोन्ही पेडलांवर कोणाचाच पाय नव्हता.

बाईने विचारलं, आपणही घरून काम करता का? ताई उत्तर द्यायला कचरली. मी दारातून ओरडणार होते, तेवढ्यात भावोजी खालच्या आवाजात म्हणाले, हो, करते, लग्नाला बावीस वर्षं झाली, तेव्हापासून. हा आकडा त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटला असावा, कारण म्हणून झाल्यावर ते स्वतःच त्याच्याकडे बघत राहिल्यासारखे दिसले. बाईने जागा बघायला मागितली. भावोजींनी लॅपटॉप उचलून बोळकंडीत नेला. पिवळा दिवा, पाठ नसलेलं स्टूल, काळ्या कापडाचा ढीग, ढिगाशेजारी मी. बाईने काही शेरा मारला नाही. फक्त म्हणाली, त्या पुस्तकांवरून टेबल खाली घ्या, आणि यांना बसू द्या.

एका बाजूने मी टेबल उचललं, एका बाजूने भावोजींनी, आणि शब्दकोश एकेक करून बाहेर काढले. उशा त्यांनी स्वतः काढल्या. ताई खुर्चीत बसली, कोणाच्या तरी घरी पाहुणी आल्यासारखी, कडेला. बाई म्हणाली, मागे व्हा, अजून मागे, पाठ टेकवा. ताई दुखरी पाठ सांभाळत मागे झाली. तिचे हात टेबलावर आले ते तिथेच ठेवण्यासाठी केल्यासारखे आले. डावीकडून खिडकीचा उजेड तिच्या बोटांवर पडला होता.

"पाय टेकले का?"

ताईने खाली वाकून पाहिलं. पाय टेकले आहेत की नाहीत हे माणसाला न बघता कळतं, पण तिला बघावं लागलं. "टेकले," ती म्हणाली, आणि उठेचना. बाईने नमस्कार केला, व्हिडिओ बंद झाला, तरी ती बसून होती. माझी वीस वाक्यं माझ्या तोंडातच विरघळली. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी दोरे कापायला परत गेले.

चार दिवसांनी कंपनीचा निकाल आला. अर्ज नामंजूर. शेरा एकच ओळीचा होता: आसनव्यवस्था उत्तम आहे, मात्र ती अर्जदाराची नाही. भावोजींची खुर्ची-टेबल नव्याने होईपर्यंत त्यांनी ऑफिसातच यावं, अशी सूचना होती. सोमवारपासून भावोजी दोन बस बदलू लागले. सुतार येऊन टेबलात मशीन बसेल एवढी खाच कापून गेला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण ताईला खुर्चीत बघून तो म्हणाला, आता बरोबर वाटतंय. बेचाळीस गाऊन शपथेच्या दोन दिवस आधी झाले. मशीनवर कापड टाकायचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि मीही काढला नाही.

भावोजींनी माफी वगैरे मागितली नाही. ज्याची चूक होत नाही त्याला माफी मागायचा सराव कुठून असणार? पण पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा ते मापाची वही घेऊन बसले होते, पेन उघडं ठेवून. त्या बिननावाच्या पानावर त्यांनी सगळ्यात वर ताईचं पूर्ण नाव लिहिलं होतं. त्याखाली वय. त्याखाली, दिवसभर लिहायचे तसंच, एकाखाली एक: तक्रार, पाठदुखी. किती दिवसांपासून, बावीस वर्षं. पूर्वीचे उपचार, नाहीत. पूर्वी कोणी विचारपूस केली का, नाही.

ही शेवटची ओळ डॉक्टरांच्या कागदात नसते. मी इतकी वर्षं त्यांची चूक पकडायला टपलेली, पण मला त्यात काही खोडता आलं नाही.

ताई मशीनवरून उठून आली, त्यांच्या खांद्यावरून वाकून तिने पान वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत. मग बोट ठेवून म्हणाली, "बावीस नाही, चोवीस. दोन वर्षं मी आईकडे शिवत होते."

भावोजी म्हणाले, ते लग्नाआधीचं झालं.

"लग्नाआधीही पाठ माझीच होती," ताई म्हणाली, आणि खिडकीशी जाऊन बसली.

भावोजींनी बावीस खोडलं, वर चोवीस लिहिलं, आणि खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे आपली छोटी सही केली.